बसलं की उठायचं नाही

"मी हावो ना!"

हे वाक्य तोंडातून निघायच्या आधीच ताईंचा पदर कमरेला खोचलेला असायचा. आधी पदर, मग वाक्य, आणि वाक्य संपेपर्यंत अर्धं काम झालेलं. तुमच्याही गावात अशी एक बाई असेलच. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या घरचं माणूस गेलेलं असो, ती आल्याशिवाय चूल कुठे मांडायची हेही कुणाला सुचत नाही. सोनाळ्याच्या रस्त्यावर फाट्यावरून आत गेलं की जे गाव लागतं, तिथली ती बाई म्हणजे ताई.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात नोकरी करते आणि तिथलंच दूरशिक्षणाचं अभ्यासकेंद्र सांभाळते. प्रवेश, पुस्तकं, रविवारचे तास, परीक्षा, सगळं याद्या करून. यादीशिवाय मी भाजीलासुद्धा जात नाही. ताईंची केंद्रातली पहिली सकाळ मला नीट आठवते, कारण त्या दिवशी मी पोचायच्या आत माझी यादी संपलेली होती. खुर्च्या ओळीत लागल्या होत्या, पाण्याचा जार भरला होता, फळा ओल्या फडक्यानं पुसला होता. आणि एक चाळिशी ओलांडलेली बाई नव्या विद्यार्थ्यांना हात धरून जागेवर बसवत होती, पंगत बसवावी तशी. जाड्या माणसाला कडेला, ओळखीच्यांना शेजारी शेजारी.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगन? पोरं उभी होती, खुर्च्या पडून होत्या. मी हावो ना!"

"पण तुम्ही कोण?"

"मी? मी बी शिकालेच आली."

दहावीनंतर लग्न, मग शेत, घर, गाव. पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून त्या बीएला आल्या होत्या आणि विषय घेतला होता लोकप्रशासन. हाच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "प्रशासन म्हनजे गाव चालवनंच ना वो मॅडम? ते तं मी चालवतोच. पुस्तकात काय लिहेल हाये ते पाहू." मग आवाज थोडा खाली आला. गावातले बचत गट त्यांनीच उभे केले होते. त्या गटांवर समन्वयक नेमायची वेळ आली की बाहेरची पदवीधर मुलगी यायची, आणि काम कसं करायचं ते तिला ताईच शिकवायच्या. "शिकवाले ना नाही माही. पन एकदा त्या खुर्चीवर मी बसून पाहीन म्हनतो."

गंमत अशी की बसणं हीच एक गोष्ट त्यांना जमत नव्हती.

वर्गात त्यांची जागा ठरलेली, दाराजवळचा शेवटचा बाक. तिथून फळा तिरपा दिसायचा. पुढे या म्हटलं की उत्तर तयार असायचं, "अठीच बरं हाये. कोनाले काही लागलं तं उठता येते." आणि लागायचंच. कुणाला खडू, कुणाला पाणी, कुणाच्या पोटात दुखलं तर ताईंच्या पिशवीतला ओवा. गावाकडेही तेच. त्यांना पंगतीत बसून जेवताना कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळ्या पंगती उठल्या, आचाऱ्याची पातेली खरवडायला निघाली, की त्या पातेल्यांच्या मधे उभ्यानंच चार घास. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं ही आपली रीत खरी. ताईंनी ती रीत जन्मभराची करून घेतली होती.

आमच्याकडे एक निवृत्त प्राध्यापक रविवारी शिकवायला येतात. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. एका रविवारी सर अधिकार प्रदानाचं प्रकरण शिकवत होते. वरिष्ठानं सगळं स्वतः करू नये, काम आणि त्याबरोबरचा अधिकार खालच्या माणसाकडे सोपवावा, वगैरे. शेवटच्या बाकावरून ताई उठून उभ्या राहिल्या.

"सर, हे काही खरं नाही."

"काय खरं नाही?"

"हे दुसऱ्याले सोपवनं. तुम्ही कधी पंगत बसवली का?"

वर्ग हसायला लागला. सरही हसले. "नाही बसवली. सांगा तुम्ही."

"मांगच्या सालची गोठ. जावळाची पंगत होती. माही धाकली जाऊ, तिले म्हटलं कढी पाहाय. एवढं एकच काम सांगतलं. कढी निरा खारट! मानसं पानी पिऊन उठली. सोपवलं की इस्कोट होते, सर."

"मीठ जास्त टाकलं का त्यांनी?"

"नाही, तिनं बराबर टाकलं."

"मग?"

"मले भरोसा नव्हता. म्हनून मी बी टाकलं."

वर्गात एक जीप चालवणारा विद्यार्थी होता, तो बाक बडवून हसला. सर मात्र आता हसत नव्हते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांच्या हातात पळी दिली, पण चव स्वतःच्या जिभेवर ठेवली. याला सोपवणं म्हणत नाहीत. कढी तुमच्या जावेनं बिघडवलीच नाही."

ताई खाली बसल्या. पुस्तकाच्या त्या पानाकडे बराच वेळ बघत होत्या. तास संपल्यावर जाता जाता मला म्हणाल्या, "सर हुशार हायेत. पन त्याहींनी माही जाऊ पाह्यली नाही. तिले पानी वाढता येत नाही."

बाकीचे सगळे पेपर ताईंनी एकामागून एक काढले. राहिला तो लोकप्रशासनाचा एक. पहिल्यांदा त्या पेपराच्या सकाळी गावातली एक म्हातारी गेली. ताई परीक्षेला आल्याच नाहीत. मी फोन केला तर मागून रडण्याचा आवाज येत होता आणि ताई कुणाला तरी सांगत होत्या, "गोवऱ्या तिकडं नको, इकडं आना."

दुसऱ्यांदा त्या आल्या, वेळेवर आल्या, लिहायलाही लागल्या. मी त्या दिवशी दुसऱ्या वर्गावर होते. त्यांच्या वर्गात एक नवी आई परीक्षा देत होती आणि बाहेर तिच्या सासूच्या कडेवर तान्हं बाळ टाहो फोडत होतं. आई लिहिता लिहिता डोळे पुसत होती. ताईंना ते बघवेना. त्या उठल्या, आपली उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हातात दिली, म्हणाल्या, "उलसंक पाह्यजा, मी आलीच," आणि बाहेर गेल्या. ताट शेजाऱ्याकडे देऊन माणूस पाणी प्यायला जातो तसं. बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलं. ते सासूच्या मांडीवर ठेवून त्या परत आल्या, तर उत्तरपत्रिका जमा झालेली.

"मी कोठी देल्ली? मी तं धराले देल्ली होती!"

पर्यवेक्षक नियमाप्रमाणेच वागले होते. त्या नव्या आईचा पेपर चांगला गेला.

त्या दिवशी ताई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या, बसल्या नव्हत्याच. मला राग आला होता आणि मी तो दाखवला. म्हटलं, "ताई, पंगतीत बसलेला माणूस मधेच उठतो का?"

"नाही. सगळ्याइचं होऊ द्या लागते."

"मग पेपर ही पंगत आहे. आज तुम्ही वाढायला नाही, जेवायला बसला होता. बसलं की उठायचं नाही."

जेवायला बसणाऱ्यांचे नियम त्यांना सगळे पाठ होते. स्वतःला कधी लावले नव्हते, इतकंच.

आता एकच संधी उरली होती. नोंदणीची मुदत संपत होती. हा पेपर गेला की झालेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. त्यात शेगावकडच्या गटांसाठी समन्वयकाची जागा निघणार अशी बातमी होती आणि तिला पदवी हवी होती.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं आणि दुसऱ्याच दिवशी ताई लग्नाची पत्रिका घेऊन केंद्रात आल्या. पुतणीचं लग्न, म्हणजे त्याच धाकट्या जावेच्या मुलीचं. तारीख नवरदेवाकडच्यांनी कधीची पक्की केलेली. आणि पेपर त्याच दिवशी, त्याच वेळेला.

"या बरं लग्नाले," त्या म्हणाल्या. "अन् पेपराचं राहू द्या आता."

"बसा," मी म्हटलं. कोरा कागद घेतला. डाव्या बाजूला लग्नातली कामं लिहिली: पाण्याचा टँकर, आचारी, वऱ्हाडाचा चहा, पंगती, पत्रावळी, रुसलेले पाहुणे. उजवी बाजू मोकळी ठेवली. "एकेकासमोर नाव सांगा. टँकर कोण बघेल?"

"मी."

"आचारी?"

"त्याले माह्याच आवाजाचं भेव हाये."

"रुसलेले पाहुणे?"

"ते तं दुसऱ्याच्यानं उठतच नाहीत."

कागदाच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एकच नाव झालं. मी तो कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो पाहिला, घडी घालून पिशवीत टाकला आणि "जाऊ द्या वो मॅडम" म्हणत गेल्या.

त्या आठवड्यातच एक बाई केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली. आत यावं की नाही अशी. मी "या" म्हटल्यावर आली आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसली.

"मी त्याहींची जाऊ," ती म्हणाली. "धाकली."

हीच ती, पाणी वाढता न येणारी. एकटी एसटीनं आली होती. घरात काय सांगून आली ते मी विचारलं नाही.

"आमच्या बाईचा पेपर हाये म्हनते लग्नाच्या दिवशी. खरं हाये का?"

"खरं आहे."

"त्या सांगत नाहीत. पुस्तकं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली त्याहींनी. मी पाह्यलं. मॅडम, तुमचं त्या ऐकतात. त्याहींले म्हना, पेपराले जा. माह्यासाठी जा म्हना."

"तुमच्यासाठी?"

"लग्न करून आली तेव्हापासून मी त्याहींच्या मांगं उभी हावो. हे आन, ते ठेव. त्या वाईट नाहीत, जीव लावतात. पन माह्या पोरीच्या लग्नात तरी मले काही करू द्या म्हना. का तठी बी मी नुसती रडाचीच?"

मी यादी करणारी बाई. लग्नाच्या त्या कागदावर मी सगळी कामं लिहिली होती, पण नवरीच्या आईला काय करायचं आहे हे ना ताईंना सुचलं ना मला.

हे मी ताईंना फोनवर सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी एवढंच विचारलं, "ती एकटी आली होती? एसटीनं?"

"एकटी."

"अगं माय," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुस्तकं माळ्यावरून खाली आली. घरात अधिकार प्रदान सुरू झालं, आणि त्याची हकिगत दर रविवारी आम्हाला ऐकायला मिळायची. "आज आचारी तिनं ठरवला. मी खोलीत बसून राह्यली. दात आवळून बसली, सर!" सर विचारायचे, "मीठ?" ताई कानाला हात लावायच्या.

लग्नाच्या सकाळी ताई परीक्षेला आल्या त्या काठाची नवी साडी नेसून, हातात हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू. सगळा वर्ग बघत राहिला. मी म्हटलं, "फोन बाहेर ठेवा."

"आनलाच नाही. धाकलीजवळ देल्ला. जवळ असता तं मी इथूनच पंगत चालवली असती."

यावेळी मी त्यांचाच वर्ग मागून घेतला होता. घंटा झाली. त्या लिहायला लागल्या. मधेच एका मुलाची पाण्याची बाटली कलंडली आणि बाकावरून पाणी वाहत खाली आलं. ताईंचा हात पदराकडे गेला. पदर कमरेपर्यंत आलासुद्धा. मी जागेवरूनच त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पदर सोडला, पाय साडीसकट वर उचलून घेतले आणि मांडी घालून बाकावर बसल्या, पंगतीत बसतात तशा. पाणी खालून गेलं. पेन चालू राहिलं.

थोड्या वेळानं रस्त्यावरून कुणाची तरी वरात गेली. बँड असा जोरात की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. ताईंनी डोळे मिटले. आता तिकडे गावात अक्षता पडत असतील हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. डोळे उघडले, पुरवणी मागितली.

शेवटची घंटा होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. सगळ्यांच्या उत्तरपत्रिका जमा झाल्यावर त्यांची जमा झाली, आणि ती देताना त्यांनी पर्यवेक्षकाला, म्हणजे मला, बजावलं, "ही आता खरंच देल्ली, बरं."

माझ्या गाडीतून आम्ही निघालो. मी विचारलं, "अधिकार प्रदान आलं होतं का?"

ताई खळखळून हसल्या. "आलंच नाही! एवढं पाठ केलं, एवढं घरी करून दाखवलं, जीवाचं पानी केलं, अन् पेपरात नाही! पन बाकीचं लिवलं. सगळं लिवलं, मॅडम."

मांडवात पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं आणि पंगती उठत-बसत होत्या. ताई गाडीतून उतरल्या आणि मी त्यांचे डोळे बघत होते. पाण्याचे ड्रम उन्हात ठेवले होते. बुंदी वरणाच्या आधी निघाली होती. दोन पाहुणे मांडवाच्या खांबाला टेकून रुसल्यासारखे उभे होते. ताईंना हे सगळं एका नजरेत दिसलं. हात कमरेकडे निघाला.

तेवढ्यात समोरून धाकटी जाऊ आली. पदर खोचलेला, घामानं चेहरा निथळत असलेला, हातात पोळ्यांची परात. केंद्रात खुर्चीच्या टोकावर बसलेली बाई हीच, हे सांगून खरं वाटलं नसतं.

"गेला का पेपर?"

"गेला. अठी कसं हाये? टँकर आला होता का?"

"सकाळी आलाच नाही. मग म्या फोन केला. तुमच्याच फोनवरून, अन् तुमच्याच आवाजात." जावेनं कमरेवर हात ठेवून हुबेहूब ताईंच्या सुरात म्हणून दाखवलं, "'काऊन रे, झोपला का?' त्याले वाटलं तुम्हीच. पळत आला!"

आसपासच्या बायका हसून लोटपोट झाल्या. ताईही हसल्या, पण नजर ड्रमांकडेच. "ते ड्रम उन्हात..."

"बाई," जाऊ म्हणाली, "पंगत बसून राह्यली. बसा."

"मी मांगून बसतो. आधी ह्याहींचं..."

"ह्याहींचं पाहाले मी हावो ना."

हे शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची ताईंना सवय नव्हती. मग पदर खाली सोडला आणि पंगतीत, गावाच्या मधोमध, माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या. समोर पत्रावळ आली. जावेनं स्वतः वाढलं. कढीचा द्रोण भरला आणि ती पुढे गेलीच नाही, तिथेच उभी राहिली. पंगतीतले सगळे हात थांबले. खारट कढीची गोष्ट गावात कुणाला माहीत नव्हती?

ताईंनी द्रोण तोंडाला लावला. "मीठ..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. ताईंनी रिकामा द्रोण पुढे केला. "वाढ अजून."

मी चाखली होती. मीठ किंचित कमी होतं. ताई ती कढी तीनदा मागून प्यायल्या आणि सगळ्यांचं होईपर्यंत जागेवरून उठल्या नाहीत.

निकाल माझ्याच संगणकावर पाहिला. ताईंच्या नावासमोर 'उत्तीर्ण' होतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, बोट लावून वाचलं. "दुसऱ्या कोनाचा तं नाही ना?" मग हात सवयीनं पदराकडे गेला, पण करायला काहीच नव्हतं. "मॅडम, आता काय करू?"

"काही नाही. बसा. चहा मी आणते."

गावानं देवळापुढे गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची आणि वांग्याच्या भाजीची पंगत दिली. भोंग्यावरून ताईंचं नाव पुकारलं. मी फाट्यावर उतरले तेव्हा दोन पोरं वांग्यांची पोती उतरवत होती. एक म्हणाला, "ताई बीए झाल्या बे! आता आपल्याले वाढन कोन?" दुसरा म्हणाला, "तूच वाढ. तुले हात नाहीत का?"

समन्वयकाची ती जागा ताईंना मिळाली. आता त्या शेगावला खोली घेऊन राहतात, सुट्टीला गावी येतात. त्यांच्या हाताखालच्या एका मुलीची नि माझी गाठ पडली होती. ती म्हणाली, "मॅडम काम सोपवतात आणि मग खरंच मधे येत नाहीत. फक्त दात आवळून बसतात, ते दिसतं आम्हाला."

यंदाच्या पहिल्या रविवारी केंद्रात मी पोचले तर खुर्च्या ढिगानं पडलेल्या, जार रिकामा, फळ्यावर मागच्या वर्षीचा खडू. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर धूळ. माझी यादी जशीच्या तशी शिल्लक होती आणि फार दिवसांनी मला ती लांबलचक वाटली. मी फडकं शोधत होते तेवढ्यात एक बाई आत आली, सरळ पुढच्या बाकाशी गेली आणि नीट, ऐसपैस बसली. धाकटी जाऊ. पूर्वतयारीला प्रवेश घ्यायचा होता.

"आज रविवार, सुट्टीचा दिवस," मी म्हटलं. "घरी पाहुणे नाहीत का? स्वयंपाक कोण बघतंय?"

"बाई आल्या हायेत ना शेगावहून. त्याहींच्यावर सोपवून आली."

"सगळा स्वयंपाक?"

"सगळा. अधिकारासकट." तिनं पिशवीतून पेन काढलं, टोपण उघडलं. "फक्त एक सांगून आली. म्हटलं बाई, मीठ एकदाच टाका."